काढलेला उंचवटा परत कुठून येतो?

नाकाच्या दांडीवरचा उंचवटा काढून घेतलेल्या माणसांच्या तक्रारी साधारण ठरलेल्या वेळी येतात. पहिली आठव्या-दहाव्या दिवशी, नाकावरचं प्लास्टर निघाल्यावर. दुसरी तीन-चार महिन्यांनी, कुणाच्या तरी लग्नात बाजूने काढलेला फोटो पाहिल्यावर. तिसरी वर्ष उलटून गेल्यावर. वाक्य तिन्ही वेळा एकच असतं, ‘डॉक्टर, परत आलं.’ आणि उत्तरही बहुधा एकच मिळतं, ‘सूज आहे, थांबा.’ पहिल्या वेळी हे उत्तर जवळजवळ नेहमी बरोबर असतं. दुसऱ्या वेळी अर्धवट बरोबर असतं. तिसऱ्या वेळी ती बोळवण असते.

या विषयावर डॉक्टर आणि रुग्ण दोघेही पुष्कळ बोलतात, पण बहुतेक वेळा एकमेकांना समांतर. रुग्णाला वाटतं हाड पुन्हा वाढलं. डॉक्टरला वाटतं रुग्ण उतावीळ आहे. खरं तर नाकावर पुन्हा दिसणाऱ्या उंचवट्याची निदान सहा-सात वेगवेगळी कारणं आहेत आणि ती ओळखायला दोन गोष्टी सर्वांत उपयोगी पडतात : उंचवटा शस्त्रक्रियेनंतर कितव्या आठवड्यात दिसू लागला, आणि तो नाकावर नेमका कुठे आहे. एक्स-रे, स्कॅन यांची पाळी त्यानंतरची, आणि बऱ्याचदा ती येतही नाही.

प्रश्न छोटा नाही. सौंदर्यशल्यविशारदांच्या ‘आयसॅप्स’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या वार्षिक पाहणीत नाकाच्या शस्त्रक्रियांचा जागतिक आकडा अलीकडच्या वर्षांत १० लाखांच्या आसपास असतो. तेहरान आणि इस्तंबूल ही शहरं तर नाकांसाठीच नावाजलेली आहेत. मुंबई-पुण्यातही हे आता चोरून करायचं काम राहिलेलं नाही. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर दुसरी करावी लागणाऱ्यांचं प्रमाण साधारणपणे ५ ते १५ टक्के सांगितलं जातं, आणि दांडीवर उरलेला किंवा पुन्हा दिसणारा उंचवटा हे त्यातल्या मोठ्या कारणांपैकी एक.

नाकाच्या शस्त्रक्रियेवर लिहिताना आपल्याकडे सुश्रुतापासून सुरुवात करायची आणि पुण्याजवळ नवं नाक बसवून घेतलेल्या बैलगाडीवाल्या कावसजीवर यायचं, अशी रीत आहे. १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याची हकीकत छापून आली आणि युरोपातल्या शल्यविशारदांचे डोळे उघडले, हे खरंच. पण ती कापलेलं नाक नव्याने उभं करण्याची गोष्ट. आपला प्रश्न धडधाकट नाकाचा आहे, ज्यातून काहीतरी वजा करायचं असतं. वजाबाकीचा इतिहास त्या मानाने अगदी अलीकडचा. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचे जॉन ऑर्लँडो रो यांनी १८९१ मध्ये बाहेर व्रण न ठेवता, नाकपुडीतून उंचवटा काढल्याचं प्रसिद्ध केलं. बर्लिनच्या जाक योसेफ यांनी १८९८ मध्ये २८ वर्षांच्या एका तरुणाचं मोठं नाक लहान करून ते वैद्यक मंडळापुढे मांडलं. तो तरुण नाकामुळे लोकांत मिसळायला लाजत होता. मनाच्या त्रासासाठी निरोगी अवयवावर सुरी चालवायची का, हा वाद तेव्हापासूनचा. योसेफनी त्यानंतर करवती, पटाशी, कानस अशी हत्यारं घडवली आणि त्यांची पद्धत पुढची शंभर वर्षं जगभर चालली : उंचवटा कापा, बाहेर काढा, नाकाच्या उघड्या पडलेल्या छताच्या दोन्ही बाजू आत दाबून मिटवा.

आता त्या उंचवट्याकडेच पाहू. दोन भुवयांच्या मधून बोट खाली आणलं की आधी खळगा लागतो, मग कडक हाड, आणि नाकाच्या साधारण एक तृतीयांशावर ते कडकपण संपून किंचित दबणारं काहीतरी सुरू होतं. ती कूर्चा. हाडाची पातळ कड इथे कूर्चेवर काही मिलिमीटर चढून बसलेली असते. उंचवटा असतो तो बहुतेक वेळा याच सांध्यावर. लोक त्याला ‘नाकाचं हाड’ म्हणतात, पण त्यात हाडाची निव्वळ टोपी असते. खालचा बराचसा ऐवज कूर्चेचा असतो. हाड पुन्हा वाढलं ही भीती इथेच अर्धी निकालात निघते. कापून काढलेली कूर्चा मोठ्या माणसात पुन्हा उगवत नाही.

मग दिसतं ते काय? उत्तराची सुरुवात त्वचेपासून करावी लागते. नाकावरची त्वचा सगळीकडे सारख्या जाडीची नसते. लेसार्ड आणि डॅनियल यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत नाकाच्या मुळाशी ती सरासरी १.२५ मिलिमीटर भरली, आणि हाड-कूर्चेच्या सांध्यावर, म्हणजे ऐन उंचवट्याच्या जागी, फक्त ०.६ मिलिमीटर. निम्म्याहूनही कमी. शेंड्याच्या वर ती पुन्हा जाड होते. मलमलीखाली वाटाणाही दिसतो आणि गोधडीखाली वरवंटा ठेवला तरी कळत नाही. नाकावर या दोन्ही गोष्टी बोटभर अंतरात आहेत. यातून एक विचित्र नियम निघतो. बाहेरून दांडी सरळ दिसायची असेल, तर आतला सांगाडा सरळ असून चालत नाही. सांध्यापाशी तो किंचित फुगीर ठेवावा लागतो, नाहीतर सूज ओसरल्यावर तिथे खड्डा पडतो.

किंचित म्हणजे किती? मिलिमीटरच्या आसपास. आणि हा निर्णय शल्यविशारदाला घ्यायचा असतो तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर, जिथे भुलीच्या औषधाने आणि अॅड्रिनलिनच्या द्रावाने त्वचा आधीच फुगलेली असते. त्वचा उचलायची, कानशीने घासायचं, त्वचा पुन्हा बसवायची, बोट ओलं करून दांडीवरून वरखाली फिरवायचं, द्राव दाबून बाजूला सारायचा, पुन्हा फिरवायचं. ओल्या बोटाला कोरड्या डोळ्यापेक्षा जास्त कळतं. तरीही फुगलेल्या त्वचेखाली अर्धा-पाऊण मिलिमीटर लपून राहू शकतो. तीन महिन्यांनी सूज ओसरली की तो वर येतो. याला उरलेला उंचवटा म्हणतात, आणि ‘परत आला’ म्हणून दाखवायला येणाऱ्यांत यांची संख्या मोठी असते. तो गेलाच नव्हता.

डॉक्टर चुकला असं लगेच ठरवू नये. जास्त काढलं गेलं, तर दांडी खोगिरासारखी बसते, मधला भाग चिमटला जाऊन श्वास अडतो, आणि ते दुरुस्त करायला कानाची किंवा बरगडीची कूर्चा आणून भराव घालावा लागतो. थोडं उरलं, तर नंतर अर्ध्या-पाऊण तासात घासून काढता येतं. दोन चुकांपैकी एक करायचीच असेल, तर समजूतदार शल्यविशारद कमी काढण्याची करतो. मलाही तेच शहाणपणाचं वाटतं. फक्त हे शस्त्रक्रियेच्या आधी रुग्णाला सांगितलेलं असावं. नंतर सांगितलं की ती सबब वाटते.

पहिल्या आठवड्यांची गोष्ट वेगळी. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. साधारण सातव्या दिवशी प्लास्टर किंवा प्लास्टिकची पट्टी निघते, आणि आतापर्यंत बाहेरून असलेला दाब गेल्यामुळे पुढच्या एक-दोन दिवसांत नाक पुन्हा फुगतं. आरशात पहिल्या दिवशी दिसलेलं सरळ नाक तिसऱ्या दिवशी बाकदार दिसतं, आणि घरात रडारड होते. हा फुगवटा बोटाने दाबला तर किंचित दबतो, सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी असतो, कारण रात्रभर आडवं पडल्याने पाणी चेहऱ्यात साचतं. लोणचं-पापड खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी तो वाढतो. डोकं खाली करायची आसनं, कपालभाती, दुपारचं ऊन, जोरात नाक शिंकरणं, यांनीही वाढतो. दिवसाच्या वेळेनुसार कमी-जास्त होणारी गोष्ट हाड नसते, एवढं लक्षात ठेवलं तरी पहिल्या महिन्यातल्या निम्म्या फोनांची गरज उरत नाही. सहा आठवड्यांत बहुतेक सूज उतरते. उरलेली उतरायला वर्ष लागतं, आणि जाड त्वचेत दीड-दोन वर्षंही.

तीन ते सहा महिन्यांचा काळ सर्वांत फसवा. या काळात नाकाचा प्रत्येक भाग आपापल्या वेगाने बसतो. मूळ लवकर, दांडी त्यानंतर, शेंडा सगळ्यांत शेवटी. शस्त्रक्रियेत बहुतेकदा शेंडाही थोडा वर उचललेला असतो. सुरुवातीला तो सुजेने आणखी वर आणि पुढे दिसतो, त्यामुळे त्याच्यामागची दांडी सरळ, कधी किंचित खोलगटही भासते. काही महिन्यांनी शेंडा थोडा खाली बसतो. दांडीत काडीचा फरक पडलेला नसतो, पण शेंड्याच्या तुलनेत ती आता उंच दिसते. उंचवट्याने जागा बदललेली नसते, शेंड्याने बदललेली असते. हसल्यावर हे आणखी ठळक होतं, कारण वरच्या ओठामागचा एक छोटा स्नायू हसताना शेंड्याला खाली ओढतो. लग्नातले फोटो हसतानाचे असतात. त्या फोटोंवरून तक्रारी का येतात, याचं हे साधं कारण.

अशा रुग्णाच्या दांडीवर पुन्हा कानस चालवली, तर आधीच बरोबर असलेला भाग खचतो आणि शेंडा मात्र पडलेलाच राहतो. दुसरी शस्त्रक्रिया करायचीच असेल, तर ती शेंड्याला आधार देण्याची असायला हवी. नाकाच्या मुळाशी मुळातच खोल खळगा असेल तरी असाच दृष्टिभ्रम होतो. खळग्यात थोडी कूर्चा भरली की उंचवटा न कापताच कमी दिसतो. चांगला शल्यविशारद कापण्याआधी कशाच्या तुलनेत उंच, हे विचारतो.

शेंड्याच्या लगेच वर येणारा फुगवटा हा निराळा प्रकार. इंग्रजी वैद्यकात त्याला पोपटाच्या चोचीचं नाव आहे, आणि बाजूने पाहिलं तर नाव पटतं. रुग्ण यालाही ‘हम्प परत आला’ असंच म्हणतो, पण मूळ उंचवटा सांध्यावर होता आणि हा त्याच्या बराच खाली असतो. याची दोन कारणं एकमेकांच्या अगदी उलट आहेत. एक, तिथली नाकाच्या मधल्या पडद्याची कूर्चा पुरेशी काढली नाही. दुसरं, ती फार काढली. जाड त्वचा खालच्या लहान झालेल्या सांगाड्यावर घट्ट बसू शकत नाही. मध्ये पोकळी उरते, पोकळीत रक्त साचतं, रक्ताच्या जागी व्रणपेशी भरतात, आणि जिथे जास्त कापलं तिथेच टणक गोळा तयार होतो. भारत, इराण, अरब देश इथल्या पुष्कळ लोकांची शेंड्याकडची त्वचा जाड असते, त्यामुळे बारीक चाफेकळी नाकाचा फोटो घेऊन येणाऱ्यांना हा धोका समजावून सांगावा लागतो. फोटोतल्या नाकाची त्वचा मागवता येत नाही.

हाडाबद्दल लोकांच्या मनात सर्वांत जास्त भीती असते. मांडीचं हाड मोडलं की त्याभोवती गुठळी धरते तशी नाकातही धरेल, अशी समजूत. नाकाची हाडं कागदासारखी पातळ, आणि ती जुळतात मुख्यतः तंतुमय धाग्यांनी; मोठी गुठळी धरण्याचा प्रकार विरळा. हाताला कडक काही लागलंच, तर ते बहुधा दुसरं काहीतरी असतं. घासताना पडलेला हाडाचा चुरा नीट धुऊन काढला नाही तर तो त्वचेखाली राहतो. हाडावरचं आवरण खरवडलं गेलं तर ते काही महिने जाड राहतं. कापलेल्या छताच्या दोन कडा मिटल्या नाहीत, तर दांडीवर दोन समांतर रेघा बोटाला लागतात. आणि पहिल्या सहा आठवड्यांत हाडाचा तुकडा सरकलेला असू शकतो : जड चष्म्याने, कुशीवर झोपण्याने, मांडीवरच्या लहान मुलाच्या डोक्याचा टोला बसल्याने. म्हणून चष्मा कपाळाला चिकटपट्टीने टांगून ठेवायला सांगतात. ते हास्यास्पद दिसतं, पण पाळावं. ज्यांचं लग्न महिन्या-दोन महिन्यांवर आलंय, त्यांनी ही शस्त्रक्रिया मुळात त्याआधी करूच नये. नथ घालताना, काढताना, दाबाची नथ असेल तर तिने शेंड्याशी होणारी ओढाताण बऱ्या होणाऱ्या नाकाला नको असते.

हाडं कापायची हत्यारं गेल्या काही वर्षांत बदलली आहेत. पॅरिसचे ऑलिव्हिए जेर्बो आणि इतरांनी ध्वनिलहरींवर चालणारी, हाड कापणारी पण मऊ भागाला इजा न करणारी ‘पिएझो’ यंत्रं नाकासाठी रुळवली. त्यामुळे कडा जास्त नेमक्या होतात. मात्र त्यासाठी त्वचा जास्त रुंद उचलावी लागते, म्हणजे सुरुवातीच्या सुजेला तेवढी जास्त जागा. जाहिरातींत या यंत्राने उंचवटा परत येत नाही असं सूचित केलं जातं. यंत्र कडा गुळगुळीत करतं. किती काढायचं आणि किती ठेवायचं हे त्याला ठाऊक नसतं.

इथपर्यंत जे सांगितलं त्यात खऱ्या अर्थाने ‘परत आलेला’ उंचवटा एकही नाही. योसेफच्या पद्धतीत काढलेलं हाड आणि कूर्चा ट्रेमध्ये पडलेली असते. ती परत येणार कुठून? पण गेल्या दहा वर्षांत चित्र बदललं आहे, आणि या सगळ्या विषयातला सर्वांत रंजक भाग तो आहे.

योसेफच्या पाठोपाठ १८९९ मध्ये बोस्टनच्या जोसेफ गुडेल यांनी उलटी कल्पना मांडली होती. उंचवटा कापायचाच नाही. त्याच्याखालून नाकाच्या पडद्याची एक पट्टी काढायची, दोन्ही बाजूंनी हाड मोकळं करायचं आणि अख्खी दांडी, वरचं छत न फोडता, खाली उतरवायची. १९१४ मध्ये लोथ्रोप यांनी आणि शतकाच्या मध्यावर शिकागोच्या मॉरिस कॉटल यांनी ही पद्धत चालवली. कॉटल यांचा भर श्वासावर होता. छत शाबूत राहिलं तर श्वासमार्गही शाबूत राहतो, असं त्यांचं म्हणणं. पण पद्धत शिकायला अवघड आणि टेबलावर परिणाम दाखवायला योसेफची पद्धत सोपी, त्यामुळे गुडेल-कॉटल यांची परंपरा काही मोजक्या ठिकाणीच जिवंत राहिली. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरातले इव्ह साबान आणि कॅलिफोर्नियाचे रॉलिन डॅनियल (त्वचेची जाडी मोजणाऱ्या जोडीतले तेच) यांनी तिला नव्याने पुढे आणलं. ‘प्रिझर्व्हेशन ऱ्हायनोप्लास्टी’ हे नाव तेव्हापासून परिषदांत आणि जाहिरातींत सगळीकडे आहे.

फायदे खरे आहेत. दांडीच्या नैसर्गिक रेघा राहतात, कडा बोटाला लागत नाहीत, छत उघडं पडत नाही. पण उंचवटा नाकातच आहे, फक्त खाली उतरवून, सपाट करून ठेवलेला. कूर्चेला स्वतःचा ताण असतो. तिला वाकवलेल्या आकारातून सरळ केलं, तरी ती पूर्वीच्या आकाराकडे परत जायला पाहते. खालची पट्टी पुरेशी काढली नसेल, मागच्या बाजूला पडद्याचं हाड टेकू देत असेल, किंवा बाजूचे सांधे नीट मोकळे केले नसतील, तर काही आठवड्यांत-महिन्यांत दांडी पुन्हा वर येते. या पद्धतीनंतरची सर्वांत वारंवार नोंदली गेलेली तक्रार हीच आहे. कोण किती प्रमाण सांगतो ते मोजण्याच्या पद्धतीवर अवलंबून. फोटोत एक मिलिमीटर दिसला तरी धरणारे वेगळे आणि दुसरी शस्त्रक्रिया झाली तरच धरणारे वेगळे. म्हणून दोन दवाखान्यांच्या टक्केवारीची तुलना करून निवड करू नये.

कुणाच्या नाकात हे जास्त होतं, याचा अंदाज आता येऊ लागला आहे. ज्यांची नाकाची हाडं बाजूने पाहिल्यावर सरळ उतरतात, त्यांच्यात दांडी सहज बसते. ज्यांची हाडं आधी आत वळून मग बाहेर येतात, इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी, त्यांच्यात उंचवट्याचा माथा वर, हाडाकडे असतो, आणि तो नुसत्या खाली उतरवण्याने सपाट होत नाही. अशा नाकांत आता हाडाची टोपी घासून काढतात आणि खालची कूर्चा टाक्यांनी पडद्याला बांधून ठेवतात. म्हणजे दोन परंपरांची थोडी खिचडी होते, आणि मला ते चांगलं लक्षण वाटतं. या पद्धतीत उंचवटा आला तरी दुरुस्ती बहुधा सोपी असते, कारण छत कधी उघडलेलंच नसतं. वरून थोडं घासून भागतं.

वर्षानंतर पहिल्यांदाच आलेला, वाढत जाणारा, लाल होणारा किंवा दुखणारा फुगवटा मात्र वेगळ्या खात्यात टाकावा. श्लेष्मल त्वचेचा तुकडा चुकून त्वचेखाली राहिला तर त्यातून पाण्याची गाठ होते. पूर्वी नाकात भरायच्या पट्ट्यांवरचं मलम आत झिरपून गाठी झाल्याच्या नोंदी आहेत. न विरघळणाऱ्या टाक्याभोवती, सिलिकॉनच्या रोपणाभोवती जंतुसंसर्ग होतो. हे सगळं क्वचित घडतं, पण इथे ‘थांबा’ हे उत्तर चालत नाही.

एक भाग नाकात नसतोच. तो फोनमध्ये असतो. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातल्या डॉक्टरांनी हिशेब मांडून दाखवला की १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक ५ फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतं. बऱ्या होणाऱ्या नाकाची रोजची तपासणी याच कॅमेऱ्याने चालते. प्रगती पाहायची तर महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच अंतरावरून, दुसऱ्या कुणाकडून, ओठ मिटून आणि पूर्ण बाजूने फोटो काढून घ्यावा. आणखी एक गोष्ट डॉक्टर बोलायला कचरतात. २०११ मध्ये बेल्जियममधल्या लूव्हेनच्या अभ्यासात नाकाची शस्त्रक्रिया मागणाऱ्यांपैकी ३३ टक्के लोकांत स्वतःच्या रूपातल्या दोषाबद्दल मध्यम ते तीव्र स्वरूपाचं वेड असल्याची लक्षणं आढळली. अशा माणसाला दिसणारा उंचवटा शस्त्रक्रियेने जात नाही, तो दुसरीकडे सरकतो. दिवसातून पन्नासदा बोट नाकावर जात असेल, तर पुढची भेट मानसोपचारतज्ज्ञाची हवी.

उपायांकडे आलं की पुरावा विरळ होत जातो आणि सल्ले दाट. शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेल्या स्टेरॉइडने पहिल्या काही दिवसांची सूज आणि काळेनिळेपणा कमी होतो, हे बऱ्यापैकी सिद्ध आहे. वर्षानंतरच्या आकारावर त्याने फरक पडतो असं दिसलेलं नाही. रात्री नाकावर कागदी चिकटपट्टी लावण्याचा फायदा मुख्यतः जाड त्वचेला, शेंड्याच्या वरच्या भागात होतो. ती लावायची पद्धत डॉक्टरांकडून शिकून घ्यावी, कारण फार घट्ट पट्टीने त्वचेला इजा होते. शेंड्यावरच्या व्रणाच्या फुगवट्यात ट्रायामसिनोलोन हे स्टेरॉइड थोड्या मात्रेत टोचतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा बघतात. मात्रा जास्त झाली तर त्वचा पातळ होऊन खड्डा पडतो, म्हणून ज्याला घाई आहे त्याच्याकडून हे करून घेऊ नये. मालिश हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत कमी अभ्यासलेला उपाय. हाड एका बाजूला झुकत असेल तर पहिल्या आठवड्यांत काही शल्यविशारद ठरावीक जागी, ठरावीक वेळ दाबायला शिकवतात. व्हिडिओ पाहून स्वतः उंचवटा दाबत बसण्याने आवरण आणखी चिडतं आणि जाडी वाढते.

फिलरची गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण ती ‘दहा मिनिटांत सरळ नाक’ म्हणून विकली जाते. उंचवट्याच्या वर आणि खाली हायालुरोनिक आम्लाचं जेल भरलं की तो झाकला जातो. पण नाकावरच्या रक्तवाहिन्या डोळ्यांच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या आहेत. चुकून जेल वाहिनीत गेलं तर त्वचा मरते, क्वचित दृष्टी जाते. २०१५ मध्ये जगभरातल्या नोंदींतून फिलरने दृष्टी गेल्याची ९८ प्रकरणं गोळा केली गेली, त्यांतली २५.५ टक्के नाकात टोचल्यानंतरची होती. शस्त्रक्रिया झालेल्या नाकात वाहिन्यांची ठेवण बदललेली असते आणि व्रणामुळे त्या सरकू शकत नाहीत, त्यामुळे धोका आणखी वाढतो. ब्युटी पार्लरच्या खुर्चीत बसून करून घ्यायची ही गोष्ट नव्हे.

उरते दुसरी शस्त्रक्रिया. तिच्यासाठी निदान वर्षभर थांबायला सांगतात, आणि इथे ‘थांबा’ हा सल्ला खरोखर योग्य असतो. मऊ न झालेल्या व्रणातून कापणं कठीण आणि परिणाम अंदाजाबाहेरचा. या वर्षात रुग्णाने एक काम करावं. पहिल्या शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद, म्हणजे ऑपरेशन नोट, मागून घ्यावी. २००२ च्या भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. त्यात पाहायचं ते एवढंच : उंचवटा कापून काढला की खाली उतरवला, कूर्चा कुठून घेतली, दांडीच्या बाजूला आधाराच्या पट्ट्या बसवल्या का, हाडं कुठे कापली, शेंड्यात टाके कोणते घातले. पडद्यातली कूर्चा आधीच वापरून झाली असेल, तर दुसऱ्या वेळी कानामागे किंवा छातीवर छेद घ्यावा लागू शकतो, आणि तो खर्च आणि तो व्रण आधी माहीत असलेला बरा.

नुसता सांध्यावरचा मिलिमीटरभर हाडाचा काठ उरला असेल, तर काम लहान असतं. नाकपुडीच्या आतून छेद, कानशीचे थोडे फेरे, चुरा धुऊन काढणं, पुन्हा आठवडाभर पट्टी. अशा छोट्या दुरुस्त्या अनेकदा जागेवरच्या भुलीतही होतात. सुजेचं वेळापत्रक मात्र पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू होतं, आणि या खेपेला ते सहसा जास्त लांबतं, कारण त्वचेखाली आता पहिल्या शस्त्रक्रियेचा व्रणही आहे.